पवनेकाठचा आयता घास

मी कुरव. पर्यटक मला सीगल म्हणतात, तिकोणा पेठ गावातली कस्तुराबाई म्हणते ‘पांढऱ्या’. बारा हिवाळे उडून खांदे दुखतात आता, म्हणून बसल्या बसल्या सांगतो.

जन्म लडाखमधल्या तळ्याकाठचा. थंडी पडली की आमचा थवा समुद्र गाठायचा. तिथं मासळी साफ करणाऱ्यांभोवती घिरट्या घालायला शिकलो, मग लाँचमागे उडत प्रवाशांनी फेकलेल्या गाठ्या झेलायला. मासा, किडा, उष्टं, आम्हाला सगळं चालतं. याच हुशारीवर जगलो. एका वर्षी घाट ओलांडताना पवना धरणाचं पाणी दिसलं, काठाला पर्यटकांच्या तंबूंची रांग. उतरलो, आणि दर हिवाळ्यात इथंच येऊ लागलो.

कस्तुराबाई त्या तंबूंपाशी भांडी घासायची. मालक बाजीरावनं तिला आणखी एक काम लावलं होतं. सकाळी फरसाण टाकून आम्हाला जमवायचं, म्हणजे पाहुण्यांना फोटो मिळतात.

यंदा माघात आमच्यातली एक कोवळी पोर फरसाणाबरोबर चमकती पुडीही गिळून बसली. कस्तुराबाईनं तिला पदरात धरलं, चोचीत बोट घालून पुडी ओढून काढली. पण उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं फरसाणाला हात लावला नाही.

बाजीराव म्हणाला, “मावशी, पाखरं न्हाई आली तर पावनं नाराज व्हत्यात.”

“व्हऊ द्या, भाऊ. ही मासं धरायची इसरल्यात. माज्या हातानं आता न्हाई.”

“मग दुसरी बाई बगतो.”

“बगा.” हात पुसून ती निघून गेली.

खरं सांगतो, मला तिचाच राग आला. पोटात भूक होती. नवी बाई आली, फरसाण आलं, मी खाल्लं.

परवा दुपारी कस्तुराबाई लांबच्या काठावर गोधडी धूत होती. मी समोर जाऊन उतरलो, ओरडलो. तिनं दोन्ही तळवे उघडून दाखवले.

“न्हाई रं काय माज्याकडं. त्ये बग, पान्यात हाय तुजं.”

मी उठलो. पहिली झेप चुकली, दुसरीही. धाप लागली. तिसऱ्यांदा चोचीत काहीतरी वळवळलं. बोटाएवढी चिलापी मासळी, काटेरी, अळणी. गिळून वळलो तर ती गोधडी डोक्यावर घेऊन चढण चढत होती. तिनं पाहिलंच नाही.

सोबती आता उत्तरेला निघालेत. फरसाणानं जडावलेलं अंग घेऊन मी हिमालय गाठेन का, ठाऊक नाही. तुम्ही काठावर आलात तर मला डोळे भरून बघा. हात तेवढे खिशात असू द्या.