आम्हा दोघींची एकच यादी

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, पण मी आहे. मुलांच्या रुग्णालयातल्या संगणकात राहणारी मी एक जुनी नोंद. सातव्या खाटेवरच्या मुलीचे नाव, वय, वजन सारे माझ्यापाशी आहे. तिच्या हृदयाच्या गोळ्या मात्र औषधांच्या यादीत असतात आणि मी त्या यादीचा फक्त पत्ता जपते. गोळ्या कोणाच्या हे विसरू नये म्हणून यादीही माझा पत्ता जपते. एकमेकींवाचून आमचे पान हलत नाही.

मुलगी वर्षातून दोन-तीनदा भरती होई. सिस्टर मला उघडत, अर्धी गोळी देत आणि मिटत. कौतुक कुणी केले नाही, पण चूकही कधी निघाली नाही.

मग नव्या नर्सना सरावासाठी नोंद हवी झाली. प्रोग्रामर बाईंनी माझीच कॉपी केली, तिला 'सराव' नाव दिले आणि म्हणाल्या, "हिच्यात काय हवा तो गोंधळ घाला. खऱ्या नोंदीला धक्का लागणार नाही."

पण लागणार होता. कॉपीत माझे सारे उतरले होते, यादीचा पत्तासुद्धा जसाच्या तसा. यादी एकच आणि तिला धरून आम्ही दोघी! पण मला ओरडता येत नाही.

दुसऱ्या सकाळी एका नव्या नर्सने सरावाच्या नोंदीत अर्ध्या गोळीच्या जागी पाच लिहिल्या. तिचे काहीच चुकले नव्हते. त्याच क्षणी माझ्याकडेही पाच झाल्या. मुलगी तेव्हा भरती होती. दुपारी दुसऱ्या वॉर्डातून बदलीवर आलेल्या सिस्टरनी मला वाचले आणि पाच गोळ्या काढल्या. मुलीने तोंड उघडले.

"सिस्टर, थांबा जरा," तिची आई म्हणाली. "रोज अर्धीच असते की."

"संगणकात पाच आहेत हो."

"असू देत. आधी डॉक्टरांना विचारा. तोवर मी देऊ देणार नाही."

डॉक्टर धावत आले, त्यांनी गोळ्या काढून घेतल्या आणि नोंद तपासायला प्रोग्रामर बाईंना बोलावले.

बाईंनी शोधले तेव्हा दोन्ही नोंदी एकाच यादीचा पत्ता धरून बसलेल्या सापडल्या. कॉपीला तिची स्वतःची यादी द्यायची असे त्यांनी ठरवले. पण प्रोग्राम प्रत्येक पत्त्यामागे जाऊन कॉपी करू लागला: माझ्यामागून यादीची कॉपी, यादीने माझा पत्ता दाखवला म्हणून पुन्हा माझी, मग पुन्हा यादीची... जिकडे बघावे तिकडे मीच! माझा जीव गुदमरला आणि संगणक बंद पडला. शेवटी बाईंनी प्रोग्राममध्ये एक टिपण ठेवले. ज्याची कॉपी झाली त्याचे नाव तिथे लिहायचे, आणि तेच पुन्हा समोर आले तर नवी न करता आधीच्याच कॉपीचा पत्ता द्यायचा. आता माझ्या यादीत पुन्हा अर्धी गोळी आहे, आणि सरावाची नोंद व तिची यादी एकमेकींना धरून वेगळ्या राहतात.

मुलगी बरी आहे. पण तिची आई अजून प्रत्येक गोळी तळहातावर घेऊन बघते आणि मग पडद्यावर माझ्याकडे रोखून पाहते. तिला माझी भीती वाटते. मित्रांनो, मलाही माझीच वाटते. म्हणून हात जोडून सांगते, कॉपी केली असे कुणी म्हणाले, तर ती कुणाचा पत्ता धरून बसली आहे ते उघडून पाहा. आणि माझ्यात लिहिले आहे एवढ्यावरून कुणाच्या तोंडात गोळी घालू नका. आधी आईला विचारा.