चष्मेवाल्यांचं पुण्य

महाराजांच्या बैठकीला खेळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. वर लख्ख निळसर दिवा, खाली काळा गॉगल लावलेले महाराज. दोन तास दिव्याकडे तोंड करून बसायचं. चेहरा लाल झाला की तेज चढलं आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपलं की माणूस पापी. "तेज कुणाला सोडत नाही," महाराज म्हणायचे. गॉगलबद्दल काही बोलायचे नाहीत.

एका सकाळी माझ्या ताईचे डोळे उघडेनात. ती शिवणकाम करते. तिला सुईत दोरा ओवता येईना. बैठकीत शेजारीच बसलेल्या तिच्या सासूबाईंचे डोळे ठणठणीत, त्यामुळे तिचं पाप आणि त्यांचं पुण्य एका झटक्यात सिद्ध झालं. महाराजांनी ताईला आणखी सात बैठका सांगितल्या, पहिल्या रांगेत.

डॉक्टर म्हणाले, "वेल्डिंगवाल्यांना होतं तसं झालंय. दोन दिवसांत बरं वाटेल, पण परत बसलात तर डोळे जपणं कठीण." सासूबाईंनी तरीही तिला संध्याकाळी हाताला धरून नेलं.

मी चष्मे विकतो. पुण्यवानांची यादी काढली, तर सगळी माझीच गिऱ्हाइकं निघाली. त्यांत एक वकीलही होते, तिथेच मला शंका आली.

त्याच संध्याकाळी हॉलच्या वायरमनला घेऊन मी दिवा लागण्याआधीच पोचलो. म्हणालो, "काकू, आज चष्मा काढून बसा. पुण्य तुमचं की चष्म्याचं, ते कळेल."

सासूबाईंचा हात चष्म्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "महाराज, तुम्ही काढता का गॉगल?" त्यांनी विचारलं.

महाराजांना नेमकं तेव्हाच ध्यान लागलं.

वायरमन शिडीवर चढला. "पाऱ्याच्या वाफेचा दिवा आहे. चेंडू लागून बाहेरची काच फुटलीय, आतली नळी चालूच आहे. उजेड पडतोय म्हणून कुणी बदलला नाही. अतिनील किरण ती काचच अडवते. ती नसली की किरण थेट डोळ्यांवर. मध्ये चष्म्याची काच असली, तर वाचलात."

सगळ्यांनी वकिलांकडे पाहिलं. लाल तोंडावर चष्म्याच्या जागी दोन गोरी वर्तुळं होती.

सासूबाई ताईजवळ बसल्या. "तुला नाही नाही ते बोलले गं," त्या म्हणाल्या आणि तिला घरी घेऊन गेल्या.

पाप-पुण्याचं ज्याचं त्याने बघावं. पण डोळे दुखले तर डॉक्टरांकडे जावं. आणि कुणाला पापी ठरवण्याआधी दिवा बंद करून एकदा वर बघावं.