आवाज बंद करण्याचं काम

ग्रंथपाल निवृत्त झाले, पाठोपाठ बायको गेली, आणि जन्मभर तोंडावर बोट ठेवून लोकांना गप्प बसवणाऱ्या या माणसाला घरातली शांतता खायला उठली. शेवटी दूरच्या शहरातून मुलाने त्यांचं नाव एका ऑनलाइन क्लासला घातलं. ज्येष्ठांसाठी खुर्चीतला व्यायाम.

"मला काय धाड भरलीय व्यायाम करायला?" ग्रंथपाल म्हणाले.

"व्यायाम राहू द्या हो बाबा. चार माणसं तरी दिसतील."

माणसं दिसली, पण चौकोनात. कुणाचं नुसतंच कपाळ, कुणाचा छताचा पंखा. आणि गोंगाट म्हणाल तर कुठे नळ वाहतोय, कुठे कुत्रं भुंकतंय, कुणी भलत्याच फोनवर जावयाची उणीदुणी काढतंय. शिकवणारी मुलगी मेटाकुटीला आली. ग्रंथपालांची शिस्त बघून तिने त्यांना अधिकार दिले : ज्याचा आवाज त्रास देईल, त्याचा बंद करायचा. ग्रंथपालांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सगळ्यात जास्त वेळा बंद व्हायचा तो कंडक्टरबाईंचा आवाज. उमेदीची सगळी वर्षं बसमध्ये ओरडण्यात गेलेली. हळू बोलणं त्यांच्या गावीही नव्हतं.

"काय हो लायब्ररी, पुन्हा माझं तोंड बंद केलंत? आमच्या ह्यांना शेवटपर्यंत जमलं नाही ते!"

क्लास संपला की मुलगी पुढच्या क्लासला पळायची आणि आवराआवर ग्रंथपालांवर सोडायची. बाकीचे हात हलवून नाहीसे व्हायचे. दोन चौकोन उरायचे. मग कंडक्टरबाई सुट्टे पैसे न देणाऱ्या प्रवाशांशी झालेल्या जुन्या भांडणांच्या गोष्टी सांगायच्या, ग्रंथपाल पुस्तकांत सापडलेल्या खुणांच्या. कुणी बसचं तिकीट ठेवायचं, कुणी केसातली पिन. तेवढ्या गप्पांसाठी ग्रंथपाल रोज दाढी करायचे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलाला तर नाहीच.

क्लासच्या शेवटी डोळे मिटून, मान खाली टाकून अंग सैल सोडायचं असे. त्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या आणि कुणीतरी घोरायला लागलं. जड, खरवडून काढल्यासारखा आवाज. ग्रंथपालांनी डोळे किलकिले करून पाहिलं. कंडक्टरबाईंच्या चौकोनाची कड उजळली होती, म्हणजे आवाज त्यांचाच.

"गाडी डेपोत लागली वाटतं," एक आजोबा म्हणाले. खसखस पिकली. ग्रंथपालही हसले, आणि त्यांनी बाईंचा आवाज बंद केला.

"बघा, आजी कशा छान सैल बसल्यात," शिकवणारी म्हणाली. "असं जमलं पाहिजे सगळ्यांना."

सगळे गेले. दोन चौकोन उरले.

"चला कंडक्टरबाई, शेवटचा स्टॉप आला," ग्रंथपाल म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. चित्र अडकलं असेल, असं त्यांना वाटलं. पण बाईंच्या मागचा पडदा वाऱ्याने हलत होता. उजवा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि चष्मा नाकावरून घसरून मांडीवर पडला होता.

ग्रंथपाल आवाज पुन्हा सुरू करायला गेले. स्क्रीनवर अक्षरं आली : समोरच्या व्यक्तीला विनंती पाठवली आहे. बंद करायला त्यांचं एक बोट पुरलं होतं. उघडायला बाईंचंच बोट लागणार होतं.

त्यांनी शिकवणारीला फोन लावला. ती दुसऱ्या क्लासात होती. पुन्हा लावला, पुन्हा लावला. शेवटी तिने उचलला तेव्हा त्यांनी आधी बाईंचा पत्ता विचारला.

"त्यांचा पत्ता? काका, तुम्हाला माहीत नाही? तुम्ही तर रोज बोलता ना!"

खरंच, त्यांनी कधी विचारलाच नव्हता. मुलीने बाईंच्या लेकीला कळवलं, लेकीने शेजाऱ्यांना. तोवर ग्रंथपाल स्क्रीनसमोर बसून होते. "ऐकताय ना? येताहेत लोक. जरा दम धरा," असं ते सारखं म्हणत होते. आपला आवाज तिकडे जातो आहे की नाही, तेही त्यांना कळत नव्हतं.

मग चौकोनात माणसं शिरली. तोंडं हलत होती, आवाज नव्हता. एका बाईने कंडक्टरबाईंच्या छातीला कान लावला आणि तो बराच वेळ उचलला नाही. एका माणसाचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. त्याने ग्रंथपालांकडे अनोळखी नजरेने पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. रडून रडून घसा बसला होता, पण ती आईसारखीच मोठ्याने बोलत होती.

"तुम्हीच का ते लायब्ररी? आई सारखं सांगायची. काका, डॉक्टर म्हणतात, झटका आला तेव्हा घशातून आवाज येतो. घोरल्यासारखा. तुम्हाला कुणाला ऐकू नाही का हो आला?"

नाही म्हणणं सोपं होतं. तो शब्द जिभेवर आलाही होता.

"आला," ग्रंथपाल म्हणाले. "आम्ही हसलो. आणि मग मी तो बंद केला."

फोन कापला जाईल किंवा शिव्या तरी येतील, म्हणून ते थांबले. दोन्ही झालं नाही. मग श्वास ऐकू आला, मग हुंदका, मग जनावरासारखं मोकळं रडणं. फोन कानापासून दूर धरावा, इतकं मोठं.

ग्रंथपालांनी तो कानाला घट्ट लावून धरला.