सीटखालची काजळी

ओल्या फडक्याचा बोळा तिने सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरला, तशी गाडी गुरगुरली.

"घट्ट धर! सोडू नकोस!" गाडीखालून नवरा ओरडला. त्याचे फक्त पाय दिसत होते.

"धरलंय. लवकर बघ, फडकं तापायला लागलंय."

तोंड बंद केलं की धूर फटीतून निघतो आणि तिथे साबणाच्या पाण्याला फुगे येतात, हे ज्ञान त्याने सकाळीच मोबाइलवरून मिळवलं होतं. गॅरेजवाला वेल्डिंगसाठी सोमवारी या म्हणाला होता. पण याला दम कुठला? सामानाची खोकी आजच त्याच्या भावाकडे पोचवायची होती.

"सापडलं! अगं, तुझ्या सीटच्या बरोब्बर खाली. पत्र्यावर ही एवढी काजळी! वर गाडीच्या तळाचं रबरी बूचही गायब, धूर थेट आत."

तिचा जीव भांड्यात पडला. गाडी बाहेर निघायची ती मुळी भावाकडे जायलाच, आणि प्रत्येक वेळी तिचं डोकं दुखायचं. "आमच्याकडे यायचं म्हटलं की हिचं डोकं उठतं," असं दीर सगळ्यांदेखत म्हणायचे. नवराही हसायचा. स्वतः मात्र काच उघडी टाकून, कोपर बाहेर काढून गाडी चालवायचा.

त्याने गंज पॉलिश पेपरने घासून काढला, फटीवर पुट्टी थापली, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून वर गुंडाळला आणि दोन क्लॅम्प आवळले. नवं बूचही ठोकून बसवलं. ती पाने, पक्कड देत राहिली. मधूनच घरात जाऊन बांधलेलं खोकं सोडायची, आतलं बघायची, परत बांधायची.

काजळीने माखलेल्या तोंडाने तो बाहेर आला.

"चुकलंच माझं. उगाच हसत होतो तुला."

हे ऐकायला ती वर्षभर आसुसली होती. आता ऐकलं, तर बसवेना की उभं राहवेना.

पुढच्या आठवड्यात भावाच्या वरच्या मजल्यावर राहायला जायचं ठरलं होतं. ठरलं म्हणजे तिने नाही म्हटलं नव्हतं. जाऊबाई वाईट असत्या तर सोपं होतं, भांडता तरी आलं असतं. पण त्या प्रेमळ होत्या. वरच्या खोल्यांना त्यांनी आपल्या पसंतीचे पडदे लावले होते. हिच्या सुऱ्या कुठल्या खणात राहतील तेही ठरवून टाकलं होतं.

पुट्टी वाळल्यावर दोघं निघाले. त्याने मुद्दाम सगळ्या काचा वर केल्या. गाडी इतकी गुमान चालली होती की मागच्या खोक्यातल्या बशा वाजलेल्या ऐकू येत होत्या.

"दुखतंय?"

"नाही."

खरंच दुखत नव्हतं. तो खुशीत स्टीअरिंगवर ठेका धरू लागला. पेट्रोल पंप गेला, शाळा गेली. पाण्याच्या टाकीपाशी वळण घेतलं आणि तिच्या डाव्या भुवईवर ठणका लागला, नेहमीच्याच जागी. तिला स्वतःचाच राग आला. आता कुणाच्या नावाने बोटं मोडायची?

भावाच्या गल्लीत शिरताना त्याने पुन्हा विचारलं.

 ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुखतंय."

त्याने गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवरची साबणाच्या पाण्याची बाटली उचलली, इंजिन चालू ठेवून धुतल्या शर्टानिशी रस्त्यावर आडवा झाला. बराच वेळ झाला तरी बाहेर येईना. फाटकात दीर किल्ली घेऊन उभे होते.

अखेर तो आत येऊन बसला. त्याने इंजिन बंद केलं.

"एकही फुगा नाही. जोड पक्का आहे."

त्याने बाटली मागच्या सीटवर ठेवली.

"कधीपासून?"

"टाकीपासून."

"तसं नाही विचारत."

तिने कपाळावरचा हात काढला. "पहिल्यापासून. मला नाही राहायचं तिथे."

दिरांनी फाटक सताड उघडलं आणि गाडी आत घे म्हणून हात केला. नवऱ्याने त्या हाताकडे बघितलं. मग काच खाली करून तो ओरडला,

"दादा, खोकी आज उतरवत नाही. फाटक लाव, आम्ही चालत येतो."

तिचं डोकं अजून ठणकत होतं. तिने तिच्या बाजूची काच खाली केली.