चगुआनासला पाणी रोज येत नाही

रास लफानच्या गॅस प्रकल्पावरून येणाऱ्या बसमधून उतरला की गुरुप्रसाद चहा घेता घेता टीव्हीवर नकाशा लावायचा. आठवडाभर हेच चाललं होतं. मार्चअखेर त्याची इथली नोकरी खलास होणार होती. फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी सगळं दोहा खणून ठेवलेलं, अल दुहैलच्या त्यांच्या खिडकीतून जिकडे पाहावं तिकडे क्रेन. त्याची कंपनी मात्र माणसं कमी करत होती. बोलावणं आलं होतं ते फक्त वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादहून. तिथंही गॅसच.

"हे चगुआनास," तो हौसेनं सांगू लागला. "पूर्वी उसाचे मळे होते, आता उपनगर. स्वतःची नगरपालिका, महापौर, मॉल, बाजार. सकाळी निम्मं गाव हायवेनं राजधानीला कामावर."

"म्हणजे डोंबिवलीच की," शोभा म्हणाली.

"अगं, कितीतरी वस्ती आपल्याकडून गेलेल्यांची आहे. पिढ्या झाल्या. दिवाळीला कुंभार पणत्या करतात तिथं!"

"मराठी बोलतात?"

"इंग्लिश. मग काय, तुझा मुलगा तरी दुसरं काय बोलतो?"

"आय हर्ड दॅट, बाबा," सोफ्यावर आडवा पडलेला अमेय म्हणाला.

शोभा हसली, पण तिचा खरा प्रश्न जागच्या जागी होता. तिचे वडील गेले तेव्हा रात्री फोन आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती नाशिकला पोचलीसुद्धा. भाऊ श्रीपतीनं तिच्यासाठी सगळं थांबवून धरलं होतं. पायांवर डोकं टेकता आलं. तेव्हापासून दोहा तिला परदेश वाटेनासंच झालं. आता आई थकली होती.

"तिथून नाशिक किती लांब?"

"पाण्याचा जरा प्रश्न आहे," गुरुप्रसाद म्हणाला. "रोज येत नाही. पण सायराबाईंनी गच्चीवर दोन टाक्या बसवल्यात."

"कोण सायराबाई?"

त्यानं कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

"घरमालकीण."

"म्हणजे घरही ठरलं."

"ऑलमोस्ट टू डेज, आई," अमेय मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला. "नाशिक."

शोभानं स्वयंपाकघरात जाऊन आईला फोन लावला.

"आई, हे त्रिनिदादला जायचं म्हणताहेत."

"ठाऊक आहे. जावईबापूंनी विचारलं, तेव्हा मीच म्हटलं, जा. पोराचं शिक्षण व्हायचंय अजून."

"मला नाही कुणी विचारलं."

"तू नाही म्हणाली असतीस." आई मेथी निवडताना बोलावं तशी बोलत होती. "आणि श्रीपतीला सांगून ठेवलंय मी. माझ्या वेळेला शोभासाठी थांबायचं नाही. माणसं ताटकळतात गं, उपाशी राहतात."

शोभानं फोन ठेवला.

ती बाहेर आली तेव्हा टीव्हीवर चगुआनासचा रस्ता तसाच थांबलेला होता.

"आधी माझं नाशिकचं तिकीट काढा. एकटीचं."

"काढतो की. परतीचं कधीचं?"

"आईला विचारा," शोभा म्हणाली. "तुमचं दोघांचं आधीच ठरतं."