प्रश्न उद्भवत नाही

मंत्र्यांनी सभागृहात दिलेलं ते उत्तर माझं होतं. आवाज त्यांचा, कोट त्यांचा, पण आकडा माझा. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं वाटायचं, ही बाई दुसऱ्यांच्या नावानं खडे फोडतेय.

मी समता. निपाणी भागातल्या एका कोर्टात कारकून. गाव सांगत नाही, नोकरी अजून सोळा वर्षं करायची आहे. आमच्याकडं जमिनीचे जुने कागद मराठीत, कोर्टाचं काम कन्नडमध्ये आणि जज्जसाहेब बदलून येतात ते शिमोगा-हासनकडून. त्यांना मराठी कुठून वाचता येणार? त्यांचा काही दोष नाही. त्यासाठीच सरकारी भाषांतरकाराचं पद असतं. आमचे भाषांतरकार सात वर्षांपूर्वी हार-नारळ घेऊन रिटायर झाले. त्यांच्या खुर्चीवर आता फायलींचे गठ्ठे ठेवतात.

मग मराठी कागद असलेल्या दाव्याचं काय होतं? तारीख पडते. का पडली ते रोजनाम्यात लिहायचं नसतं. ‘भाषांतरकार नाही’ असं लिहिलं की वरून खुलासा मागतात, खुलासा दिला की त्यावर आणखी खुलासा. आमचे शिरस्तेदार आण्णाप्पा सर, त्यांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, “‘पुढील कामासाठी’ एवढंच लिव्ह. कुणाच्या बापाचं काय जात न्हाय.” मी तेवढंच लिहीत आले.

डिसेंबरात बेळगावला विधानसभेचं अधिवेशन भरलं. एका आमदारांनी कायदामंत्र्यांना प्रश्न टाकला. एक, सीमाभागातल्या कोर्टांत भाषांतरकार नसल्यामुळं किती दावे अडकलेत? दोन, ही पदं कधी भरणार? आमच्याकडं तो तक्ता होऊन आला, आज पाचपर्यंत भरून पाठवा म्हणून. मी रजिस्टर काढलं. त्या कारणानं तहकूब झालेला एकही दावा त्यात नव्हता. असेल कसा? मीच कधी लिहिला नव्हता.

“सर, शून्य येतंय,” मी म्हटलं.

“मग शून्य लिव्ह.”

“पण त्रेसष्ट दावे आहेत. मला पाठ आहेत.”

आण्णाप्पा सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “पाठांतराची स्पर्धा लागलीया का हितं? रजिस्टरात हाय ते लिव्ह. उद्या आकडा कुठनं आणला म्हणून इचारलं तर काय दाखवणार, डोस्कं?”

मी शून्य लिहिलं. बाकीच्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही, पण एकूण बेरीजही शून्यच आली.

त्या त्रेसष्टांतला एक दावा गंगव्वाआक्काचा. आमच्याच गल्लीत राहते. ती आणि माझी आई एकाच तंबाखूच्या वखारीत कामाला होत्या. हा भाग मुंबई राज्यात होता तेव्हा जमीनमालकांनी तिच्या सासऱ्याला घराच्या जागेचं बक्षीसपत्र करून दिलेलं. कागद मराठीत, सही-शिक्क्यासकट. अकरा वर्षांपूर्वी मालकांचा नातू परशराम उठला आणि जागा आमची म्हणून कोर्टात आला. कोर्टानं हुकूम दिला, निकाल लागेपर्यंत जैसे थे. कुणी बांधायचं नाही, कुणी पाडायचं नाही.

पुराच्या वर्षी आक्काच्या घराची मागची भिंत पडली. पडताना तिनं कुणाला विचारलं नाही. उभी करायला मात्र कोर्टाला विचारावं लागतं. तेव्हापासून भिंतीच्या जागी निळी ताडपत्री. थंडीत कुत्री आत येऊन आक्काच्या पायाशी झोपतात. तिच्या वकिलांनी बक्षीसपत्राचं भाषांतर करून आणलं, तर परशरामच्या वकिलांनी हरकत घेतली, सरकारी भाषांतरकाराची सही कुठाय? झालं. तेव्हापासून तिच्या फायलीवर ‘पुढील कामासाठी’ असं मी किती वेळा लिहिलं, मोजायची माझी छाती होत नाही.

वकिलांनी तिला विधानसभेतल्या प्रश्नाचं सांगितलं. ती धावत आमच्या दारात आली.

“समते, माझी केस मंत्र्याच्या म्होरं चाललीया गं! आता त्यो माणूस नेमणार, कागद वाचणार, माझी भिंत उभी ऱ्हाणार!”

आमदारांच्या माणसाला गाठून तिनं गॅलरीचा पास मिळवला. मलाही जायचंच होतं, हौसेनं नव्हे. पूरक प्रश्न निघाला तर माहिती हाताशी पाहिजे म्हणून कोर्टांतून एकेका कारकुनाला बोलावलं होतं. आम्ही दोघी एकाच बसनं गेलो. तिनं ठेवणीतलं इरकल लुगडं नेसलं होतं. वाटेत तिनं भाकरी आणि शेंगाची चटणी सोडली, अर्धी मला दिली. मी ती मुकाट्यानं खाल्ली. त्या भाकरीची लाज मला अजून वाटते.

सभागृहात अधिकारी बसतात त्या कप्प्यात, उपसचिव बाईंच्या मागं, मला खुर्ची मिळाली. प्रश्नाची वेळ आली. मंत्री उठले आणि कन्नडमध्ये वाचून मोकळे झाले. एक, शून्य. दोन, प्रश्न उद्भवत नाही. पाणी प्यायला याहून जास्त वेळ लागतो.

आमदार उठले. “एकही दावा नाही? मंत्र्यांनी खात्री केली आहे का?”

मंत्र्यांनी आमच्या कप्प्याकडं बघितलं. उपसचिव बाई मागं वळल्या आणि हळूच मला विचारलं, “आहे का एखादा?”

वर गॅलरीत आक्का कठड्याला टेकून पुढं झुकली होती. मी तिच्याकडं बघितलं आणि मान हलवली. नाही म्हणून. भेकड आहे मी, दुसरा शब्द नाही. मंत्री म्हणाले, “आमच्या माहितीप्रमाणे एकही नाही.” पुढचा प्रश्न एका पुलाचा होता.

बाहेर आल्यावर आक्काच्या हातात छापील उत्तराचा कागद होता. आमदारांच्या माणसानं दिलेला. कन्नड तिला बोलता येतं, वाचता येत नाही. “नीट वाच,” ती म्हणाली. मी वाचलं.

“म्हंजे माझी केस त्यात न्हाय?”

“न्हाय.”

“मंत्र्यानं सांगितलं? सगळ्या आमदारांच्या म्होरं?”

“व्हय.” मग मला राहवेना. “आक्का, ते शून्य मीच लिव्हलंय. मघाशी मला इचारलं, तवाबी मीच न्हाय म्हटलं.”

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं कागदाची घडी केली, चंचीत ठेवली आणि बसच्या थांब्याकडं चालायला लागली. निपाणी जवळ आल्यावर म्हणाली, “तू लिव्हलंस. मंत्र्यानं वाचलं. एवढी माणसं बसल्याली, कुणी खोटं म्हणालं न्हाय. मग केसच न्हाय की गं माझी.”

मला वाटलं, टोमणा मारतेय.

बेळगावहून आल्यावर बाराव्या दिवशी आक्काची मागची भिंत उभी होती. पक्क्या विटांची, वर लहान खिडकी ठेवलेली. मी बघितली आणि आधी हुकूम आठवला. कोर्टाचा हुकूम मोडला की माणूस दिवाणी कोठडीत जातो, मग वय कितीही असो. परशरामनं भिंतीचे फोटो जोडून दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला.

सुनावणीला जज्जसाहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, “आज्जी, कोर्टाचा हुकूम होता. का मोडलात?”

“केसच न्हाय तर हुकूम कसला, साहेब?” आक्काही कन्नडमध्येच म्हणाली आणि चंचीतून कागद काढून पुढं केला. “मंत्र्यानं सांगितलंय, अशी केस न्हाय म्हणून. तेंच्याहून मोठा कोण हाय का?”

कोर्टात हशा पिकला. परशरामचा वकील तर रुमाल तोंडाला लावून हसत होता. जज्जसाहेब हसले नाहीत. कागद कन्नडमध्ये होता. त्यांनी दोनदा वाचला, मग आक्काची फाईल उघडून पहिल्या पानापासून चाळायला लागले.

“आमच्या कोर्टाचा आकडा कोणी दिला?” त्यांनी विचारलं.

आण्णाप्पा सर पंख्याकडं बघायला लागले. मी उभी राहिले. या वेळी मान हलवून भागणार नव्हतं.

“मी दिला, सर.”

“सात वर्षं भाषांतरासाठी थांबलेला दावा माझ्यासमोर आहे. शून्य कसं?”

“रोजनाम्यात आम्ही कारण लिहीत नाही, सर. म्हणून तो मोजण्यात येत नाही.”

“असे किती आहेत?”

“त्रेसष्ट.”

आण्णाप्पा सरांनी डोळे मिटले. जज्जसाहेबांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि हुकूम सांगायला सुरुवात केली. बक्षीसपत्र भाषांतरासाठी जिल्हा कोर्टाकडं पाठवावं, महिन्याच्या आत परत यावं. कारणच कधी नोंदलं नव्हतं, म्हणून आजवर ते कुणी पाठवलं नव्हतं. परशरामचा अर्ज त्यानंतर ऐकला जाईल. तोपर्यंत आजच्या तारखेला जागेची जी स्थिती आहे, ती तशीच ठेवावी. कारकुनानं आपल्या आकड्याचा लेखी खुलासा द्यावा.

परशरामचा वकील उठला. “सर, मग त्या भिंतीचं?”

“आज भिंत आहे ना?”

“आहे, पण...”

“मग ती राहील.”

बाहेर व्हरांड्यात आक्कानं माझा दंड घट्ट धरला. “पाडायची व्हय गं?”

“न्हाय आक्का. महिनाभर तरी कुणी हातबी लावायचा न्हाय. परशरामनंबी न्हाय.”

ती बाकड्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. एवढी वर्षं तारखांना येत होती, पण तिला कोर्टात रडताना मी पहिल्यांदा बघितलं. मग डोळे पुसून म्हणाली, “ताडपत्री धुऊन ठेवते. पुन्यांदा लागली तर असू दे.” माझ्यावर राग आहे का, ते मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मी आत गेले. त्या दिवशीचा रोजनामा पुढं ओढला आणि तिच्या दाव्यासमोर कारण लिहिलं, “भाषांतरकाराचं पद रिक्त असल्यामुळे तहकूब.” आण्णाप्पा सर मागं येऊन उभे राहिले.

“आता रोज खुलासा मागतील बघ.”

“मागू देत, सर,” मी म्हटलं आणि कपाटाकडं गेले. बासष्ट फायली काढायच्या राहिल्या होत्या.