शुआबच्या किनाऱ्यावरचा उशीर

पाहुण्याला अजून एकच जागा दाखवायची, असं वाटाड्या थानीने मनाशी पक्कं केलं होतं. शुआबचा किनारा. सोकोत्रा बेटाचं पार पश्चिम टोक, तिथे होडीशिवाय जाता येत नाही. विमान दुपारचं होतं. होडी शुआबला अडकली की पाहुण्याचं विमान चुकेल आणि त्याची जागा रिकामी होईल. त्या जागेसाठी ताटकळणाऱ्यांत पहिलं नाव थानीच्या बायकोचं, सादियाचं होतं. तिच्या मांडीवर त्यांची दीड वर्षाची मुलगी नुरिया होती.

नुरियाच्या हृदयाला छिद्र होतं. डॉक्टर म्हणाला होता, वारे सुटायच्या आत हिला मुख्य भूमीवर न्या, शस्त्रक्रियेशिवाय पोर पावसाळा काढणार नाही. वारे सुटले की चार महिने बेटावर ना विमान उतरत ना गलबत लागत. वाऱ्याआधीचं शेवटचं विमान आजचं होतं, आणि ते गच्च भरलं होतं.

कोणी म्हणेल, सरळ विचारायचं ना त्या माणसाला. म्हणणारा सोकोत्रात कुणाच्या घरी जेवलेला नसणार. ज्याच्यासाठी दारात बकरं कापलं, त्याच्यापुढे हात पसरायचा म्हणजे जेवणाचं मोल वसूल करायचं. त्या पाहुण्याने, मिलोशने, थानीच्या घरी चटईवर पडलेली नुरिया पाहिली होती, काय झालंय म्हणून विचारलंही होतं. थानी म्हणाला होता, "थोडा ताप आहे, अल्लाची कृपा." खोटं बोलला, पण यजमानासारखा बोलला. आता मात्र तो यजमानासारखा वागत नव्हता, आणि ते त्याला आतून कुरतडत होतं.

मिलोश प्राग शहरातला निवृत्त शाळामास्तर. आठवडाभर थानीने त्याला हिंडवलं होतं. दिक्समच्या पठारावरची उघड्या छत्रीसारखी झाडं, होकची गुहा, अरहेरला डोंगराला टेकलेले वाळूचे ढीग. म्हातारा सगळीकडे टोपी काढून उभा राहायचा. होडीशेजारून डॉल्फिनची झुंड उसळ्या मारत निघाली तेव्हाही त्याने टोपी काढली.

"थानी, विमान मिळेल ना रे?"

"उस्ताद, आमचं विमान म्हणजे म्हातारी शेळी. हाकलल्याशिवाय उठत नाही."

मिलोश खळखळून हसला.

शुआबची वाळू पांढरीशुभ्र, पाणी इतकं नितळ की खडकाखालचा खेकडाही दिसावा. म्हातारा पोहायला उतरला. थानीने इंजिनाचा प्लग काढला, लुंगीच्या गाठीत खोचला आणि इंजिनावर वाकून बसला. करायला काहीच नव्हतं. नुसतेच तेलाने हात माखून घेतले.

"बंद पडलं?" मिलोश ओलाचिंब येऊन उभा राहिला. "वल्हवत जाऊ. दे एक वल्हं."

"वल्ही घरी राहिली."

"काल मी चष्मा विसरलो, तर दिवसभर हसत होतास. आणि तू वल्ही विसरलास?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. उलट तो बाजूला बसून इंजिनाला वारा घालू लागला, जणू त्यालाच ताप चढला होता. थानीला वाटलं, हा शिव्या देईल तर बरं. देवा, एवढा चांगला पाहुणा आजच का पाठवलास?

सूर्य डोक्यावरून कलला. मग डोंगरामागून घरघर आली आणि विमान समुद्रावर निघून गेलं. ते ठिपका होईपर्यंत थानी बघत राहिला. नुरिया निघाली. वाचली. त्याने लुंगीची गाठ सोडून प्लग मिलोशच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

मिलोशने प्लगकडे आणि थानीकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाढवा, विचारायचं होतंस. मी आठवड्यापूर्वीच दिली असती जागा. तिकडे माझं कोण खोळंबलंय?"

"तुम्ही आमच्या घरी जेवला होतात, उस्ताद."

"जेवलो म्हणूनच दिली असती." त्याने प्लग उचलून थानीच्या हातात कोंबला. "चल. पोरगी बसली ना, तेवढी खात्री करू. मग तुझ्यावर रागवायला मला चार महिने आहेत."

परतीची वाट थानीला आठवतही नाही. होडी कधी लावली, गाडी कशी हाकली, कशाचंच भान नव्हतं. विमानतळाच्या भिंतीच्या सावलीत एक बाई बसली होती. लांबून त्याने ओळखली नाही. ओळखायची नव्हती. जवळ गेल्यावर तिच्या मांडीवरचं पोर हललं.

"आलात नुरियाचे बाबा?" सादिया म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "मी विमान थांबवायला खूप सांगितलं. नाहीच ऐकलं त्यांनी."

"तुझं नाव पुकारलं नाही?"

"पुकारलं की. विमानतळावरचा माणूस म्हणाला, परदेशी आला नाही, तू बस. मी म्हटलं, अहो, तो आमचाच पाहुणा, माझा नवरा आणतोय त्याला. आजवर त्याने एकाही पाहुण्याचं विमान चुकवलं नाही. थोडं थांबा, मी बघून येते." तिने नुरियाच्या तोंडावरची माशी हाकलली. "रस्त्यावर धूळ दिसली. वाटलं, तुमचीच गाडी. मी पोरीला घेऊन तशीच पळत गेले. ती दुसरीच कुणाची होती. परत आले तर विमानाचं दार लावलेलं."

थानी तिच्यासमोर खाली बसला.

"पाहुण्याच्या जागेवर मी चढून बसले असते आणि मागून तुम्ही त्यांना घेऊन आला असतात, तर काय तोंड दाखवलं असतं?" ती म्हणाली. "उस्तादांना सांगा, माफ करा म्हणावं. तुमची जागा धरून ठेवता आली नाही. वारे संपेपर्यंत आता आमच्याकडेच राहा."

थानीने नुरियाला उचलून घेतलं. तिचे ओठ निळसर पडले होते. तिने त्याच्या दाढीत बोटं घातली.

"काय म्हणतेय तुझी बायको?" मिलोशने विचारलं.

थानीने सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग पोरीला छातीशी धरून तो चारचौघांत, पाहुण्यासमोर, धाय मोकलून रडला.